रेडिओची खरखर आणि तारेची चौकट

रेडिओ लावल्यावर बोलण्यापेक्षा खरखरच जास्त ऐकू आली, तर तुम्ही काय कराल? बहुतेक जण आवाजाचे बटण पिळतात. बोलणे मोठे होते, पण त्याबरोबर खरखरही मोठी होते. शेवटी कंटाळून आपण रेडिओ बंद करतो आणि म्हणतो, "रेडिओ बिघडला." पण पुष्कळदा रेडिओ बिघडलेला नसतोच. बिघाड असतो तो रेडिओच्या आसपास. तो ओळखायचा कसा, आणि थोडी तार व लाकडाच्या दोन पट्ट्या घेऊन त्याच्यावर मात कशी करायची, ते आज पाहू.

२०१९ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत मी जुन्नर तालुक्यातील आमच्या गावी गेलो होतो. तिथे माझे काका राहतात. मोतीबिंदूमुळे त्यांचे वाचन सुटले होते, त्यामुळे सकाळच्या मराठी बातम्या आणि शेतीविषयक कार्यक्रम हेच त्यांचे वर्तमानपत्र. पण त्या वेळी मी पाहिले, तर रेडिओ कपाटावर धूळ खात पडला होता. मी विचारले, "काका, रेडिओ का लावत नाही?" ते म्हणाले, "आवाज येतो रे, पण त्यातलं बोलणं येत नाही. तू फिजिक्स शिकवतोस ना? बघ काय झालंय ते."

मी रेडिओ लावला. खरोखरच पुण्याचे केंद्र खरखरीत बुडाले होते. तेवढ्यात वीज गेली. घरात अंधार झाला, आणि सेलवर चालणारा तो छोटा रेडिओ एकदम स्वच्छ बोलू लागला! दहा मिनिटांनी दिवे आले आणि त्यांच्याबरोबर खरखरही परत आली. आता सांगा, बिघाड रेडिओत होता का?

खरखर येते कोठून?

मध्यम लहरींवरील केंद्रे आपल्याकडे ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ या पट्ट्यात असतात आणि दोन शेजारच्या वारंवारतांत ९ किलोहर्ट्झचे अंतर असते. गंमत म्हणजे या सर्व वारंवारतांना ९ ने निःशेष भाग जातो. पुणे केंद्राची वारंवारता ७९२ किलोहर्ट्झ. ९ ने भागून पाहा बरे!

या केंद्रांच्या लहरींत आवाजाची नोंद असते ती लहरींच्या उंचीमध्ये, म्हणजे आयामात. आवाज मोठा तर आयाम मोठा, आवाज लहान तर आयाम लहान. हीच एएम पद्धत. रेडिओ आयामातील चढउतार मोजतो आणि त्यांचा पुन्हा आवाज करतो. पण बाहेरून आलेल्या एखाद्या ठिणगीने आयाम वाढवला, तर तोही रेडिओला आवाजच वाटतो. खरे कोणते आणि उपरे कोणते, हे त्याला कळत नाही.

उपऱ्या लहरींचा सर्वांत जुना कारखाना म्हणजे आकाशातील वीज. पावसाळ्याच्या तोंडी ढग दूर असतानाही रेडिओत 'कडकड' होते ती यामुळेच. दुसरा कारखाना आपल्या घरातच असतो. मिक्सरच्या मोटारीत ब्रशपाशी ठिणग्या उडतात. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा तोडून पुन्हा जोडतो. एलईडी दिवे, मोबाईलचे चार्जर आणि टीव्ही यांत तर २३० व्होल्टचा दाब उतरवण्यासाठी प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद केला जातो.

समजा, एखादा चार्जर सेकंदाला ६६,००० वेळा प्रवाह तोडतो. म्हणजे त्याची मूळ वारंवारता ६६ किलोहर्ट्झ. ही तर मध्यम लहरींच्या पट्ट्याच्या खूप खाली आहे. पण प्रवाह असा झटक्याने तोडला, की मूळ वारंवारतेबरोबर तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा वारंवारताही निर्माण होतात. ६६ ची बारापट किती? ७९२! म्हणजे पुणे केंद्राच्या अगदी डोक्यावर. चांगल्या बनावटीच्या चार्जरमध्ये हा उपद्रव आतच अडवणारी गाळणी बसवलेली असते. स्वस्तातल्या वस्तूंत पुष्कळदा तिलाच फाटा दिलेला असतो. मग ही खरखर घरातल्या वीजतारांत शिरते, आणि भिंतीभिंतींतून गेलेल्या त्या तारा एखाद्या प्रक्षेपकाच्या एरियलसारख्या वागू लागतात.

माझी चूक

रोग कळला. आता औषध. मला वाटले, एरियल मोठे केले की झाले! पूर्वी घरोघरी व्हॉल्व्हच्या रेडिओसाठी दोन भिंतींच्या मध्ये तांब्याची जाळीदार पट्टी टांगलेली असे. ती आठवून मी गच्चीच्या कठड्यापासून अंगणातल्या आंब्यापर्यंत पंधरा मीटर तार ताणली. तिचे खालचे टोक वीजमीटरच्या शेजारून खिडकीतून आत घेतले आणि रेडिओभोवती चार वेढे दिले. केंद्र खणखणीत लागले. मी मोठ्या आशेने काकांकडे पाहिले. ते हसून म्हणाले, "वा! आता खरखरही लांबून ऐकू येते."

माझे चुकले कुठे? समजा, आधी केंद्राचा संदेश ४ भाग होता आणि खरखर २ भाग. लांब तारेने संदेश १२ भाग झाला, पण मीटरशेजारून आलेल्या त्याच तारेने खरखरही ६ भाग केली. पूर्वीचे गुणोत्तर २, आताचेही २. बोलणे समजते की नाही, हे संदेश किती मोठा यावर अवलंबून नसते. तो खरखरीच्या किती पट आहे, यावर अवलंबून असते. गोंगाटाच्या वर्गात तुम्ही आणि बाकीची मुले सारखीच ओरडू लागलात, तर शिक्षकांना तुमचे उत्तर ऐकू येईल का? त्यापेक्षा बाकीच्यांना गप्प बसवले, तर तुमचे हळू बोलणेही पुरते.

तेव्हा आपल्याला जास्त ऐकणारे एरियल नको आहे. आपल्याला हवे आहे ते हव्या त्या दिशेला बहिरे होणारे एरियल. तारेची चौकट नेमके हेच करते.

चौकट ऐकते कशी?

विहिरीत दगड टाकल्यावर वर्तुळाकार तरंग पसरतात, ते तुम्ही पाहिले आहेत. मध्यम लहरींचे प्रक्षेपण करणारा उंच मनोरा मध्ये आहे असे समजा. त्याच्याभोवती चुंबकीय बलरेषांची अशीच आडवी वर्तुळे सतत निर्माण होतात आणि बाहेर पसरत जातात. आता या रेषांच्या वाटेत तारेचे वेढे दिलेली एक उभी चौकट ठेवा.

चौकटीची कड मनोऱ्याकडे केली, तर बलरेषा खिडकीतून वारा जावा तशा चौकटीतून आरपार जातात. बलरेषा सतत बदलत असल्यामुळे वेढ्यांत विद्युत् दाब निर्माण होतो. हा फॅरेडे यांनी १८३१ साली शोधलेला प्रवर्तनाचा नियम. आता चौकट काटकोनात फिरवा. तिचे तोंड मनोऱ्याकडे झाले, की बलरेषा चौकटीला समांतर सरकतात, आतून एकही जात नाही. दाब शून्य. त्या केंद्रापुरती चौकट बहिरी झाली!

यातील एक बारकावा ध्यानात ठेवा. कड केंद्राकडे असताना मिळणारा दाब १०० मानला, तर चौकट ३० अंश फिरवल्यावर तो ८७ उरतो आणि ६० अंश फिरवल्यावर ५०. म्हणजे चौकट बरीच फिरवली तरी केंद्र फारसे कमी होत नाही. पण ८५ अंशांवर दाब केवळ ९ असतो आणि पुढच्या ५ अंशांत तो शून्य होतो. म्हणून केंद्राकडे नेम धरण्यात फारसा अर्थ नाही. नेम धरायचा तो खरखरीवर. तिला शून्यात टाका, केंद्र आपले आपण येईल.

चौकटीचा आणखी एक फायदा आहे. लहरी आपल्या उगमाच्या अगदी जवळ असतात तेव्हा त्यांचे विद्युत् क्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र नेहमीच्या प्रमाणात नसतात. घरातील वीजतारांच्या खरखरीत पुष्कळदा विद्युत् क्षेत्राचा वाटा मोठा असतो. लांब सुटी तार ते उचलते. चौकट मुख्यतः चुंबकीय क्षेत्राला दाद देते, त्यामुळे खरखर मुळातच कमी येते.

पण एवढीशी चौकट पुरेल का, ही शंका रास्त आहे. ७९२ किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३७९ मीटर. ६० सेंटीमीटर बाजूच्या, ११ वेढ्यांच्या चौकटीत त्या लहरीपासून जेवढा दाब मिळतो, तो जेमतेम साडेसहा सेंटीमीटर उंचीच्या एरियलइतका असतो. येथे अनुनाद मदतीला येतो. झोक्याला त्याच्या लयीत हलके धक्के दिले तरी झोका उंच जातो, होय ना? तसे चौकटीच्या दोन टोकांना बदलता कंडेन्सर जोडला आणि केंद्राच्या वारंवारतेशी तिची लय जुळवली, की दाब पन्नास ते शंभरपट वाढतो. साडेसहा सेंटीमीटरचे एरियल असे काही मीटरांचे होते, आणि तेही फक्त हव्या त्या वारंवारतेसाठी.

चला, चौकट बनवू या

साहित्य फार नाही. सुमारे ४ सेंटीमीटर रुंदीच्या दोन लाकडी पट्ट्या घ्या. एक ८५ सेंटीमीटर लांब आणि दुसरी ९५ सेंटीमीटर. एक जुनी लाकडी फूटपट्टी, बुडाला एक जड लाकडी ठोकळा, इनॅमलचा लेप असलेली २४ गेजची तांब्याची तार ३० मीटर, आणि जुन्या रेडिओतील गँग कंडेन्सर. तार मोटार वाइंडिंगच्या दुकानात मिळेल. गँग रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांच्या अडगळीतून मिळेल. दुकानदारांना नीट विचाराल, तर तो कसा तपासायचा हेही ते दाखवतील.

१. दोन्ही पट्ट्या अधिक चिन्हाप्रमाणे एकमेकींवर ठेवून स्क्रूने बसवा. उभी पट्टी लांब असू द्या. वरच्या टोकापासून साडेबेचाळीस सेंटीमीटरवर आडवी पट्टी तिच्या मध्यावर यावी. खाली उरलेले १० सेंटीमीटर ठोकळ्यात घट्ट बसवा.

२. फूटपट्टीचे ७ सेंटीमीटर लांबीचे चार तुकडे करा. प्रत्येकाच्या एका कडेला ६ मिलिमीटर अंतराने ११ खाचा कानशीने पाडा. हे तुकडे पट्ट्यांच्या टोकांना आडवे बसवा. खाली पट्टीच्या टोकापासून १० सेंटीमीटरवर चौथा तुकडा येईल. चारही तुकड्यांच्या खाचा बाहेरच्या बाजूला असाव्यात.

३. आता पहिल्या खाचेपासून तार गुंडाळायला सुरुवात करा. बाजेची नवार ताणतो तशी तार ताणून ठेवा, पण पट्ट्या वाकतील इतकी नको. चार टोके फिरून आली की एक वेढा झाला. प्रत्येक बाजू सुमारे ६० सेंटीमीटर भरेल. असे ११ वेढे द्या. दोन्ही टोकांना वीस वीस सेंटीमीटर तार मोकळी ठेवा.

४. गँग कंडेन्सर ठोकळ्यावर बसवा. त्याच्या फिरणाऱ्या पात्यांना तारेचे एक टोक जोडा आणि स्थिर पात्यांच्या एका संचाला दुसरे. टोकांवरचे इनॅमल पॉलिश पेपरने खरवडायला विसरू नका. डाग देताना घरातील मोठ्या माणसाला जवळ बसवून घ्या. कंडेन्सरच्या दांड्यावर प्लॅस्टिकची मूठ बसवा, नाहीतर हात लागला की लय बदलेल.

हे ११ वेढे सुमारे ५०० पिकोफॅराडच्या गँगसाठी आहेत. गँग ३६५ पिकोफॅराडचा असेल, तर १३ वेढे द्या आणि खाचा त्याप्रमाणे वाढवा. पट्ट्याच्या खालच्या टोकाची, म्हणजे ५३१ किलोहर्ट्झकडची केंद्रे जुळत नसतील, तर एक वेढा वाढवा. वरच्या टोकाची जुळत नसतील, तर एक वेढा काढा.

या चौकटीला रेडिओची तार जोडायची नाही, भिंतीतील विजेशी तर मुळीच संबंध ठेवायचा नाही. सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर घ्या. त्याच्या आत फेराइटची एक काळी दांडी असते आणि तिच्यावर तारेचे वेढे असतात. तेच त्याचे मध्यम लहरींचे एरियल. बहुधा ही दांडी रेडिओच्या लांबीला धरून असते. चौकट हे बैलगाडीचे चाक मानले, तर फेराइटची दांडी त्याच्या आसासारखी यायला हवी. तशा रीतीने रेडिओ चौकटीच्या अगदी जवळ ठेवा. मग चौकटीत साठलेली शक्ती आपोआप दांडीत उतरते.

चौकट आणि रेडिओ दोन्ही एकाच पाटावर ठेवा आणि पाटाखाली जाड फडके घाला. फिरवायचा तो पाट, म्हणजे दोन्ही एकदम फिरतील. जवळ लोखंडी कपाट नसावे.

वापरायची रीत

प्रथम रेडिओवर केंद्र लावा, ते कितीही क्षीण असो. मग चौकटीचा गँग सावकाश फिरवा. एका जागी आवाज एकदम उसळेल. लय जुळली. आता पाट हळूहळू फिरवा, पण लक्ष केंद्राकडे देऊ नका. खरखर कुठे दबते ते ऐका. तिथेच थांबा.

काकांच्या घरी आम्ही चौकट तयार केली ती दिवाळीच्या पाडव्याला. पण पाटावर ठेवण्यापूर्वी एक काम केले. काकांच्या सातवीतल्या नातीने हातात रेडिओ घेऊन घरभर फेरी मारली आणि मी एकेक वस्तू बंद करत गेलो. काकांच्या उशाशी लावलेला एक चार्जर काढताच निम्मी खरखर गेली. उरलेली पूर्वेच्या बोळातील खांबावरून येत होती. ती आमच्या हातात नव्हती. पुणे आमच्या गावाच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला. म्हणजे चौकटीची कड दक्षिणेकडे केली, की तोंड आपोआप पूर्वेकडे होणार!

नातीने पाट फिरवला. खरखर कमी होत होत तळाशी गेली आणि तिच्या खालून पुण्याच्या निवेदिकेचा आवाज वर आला. मुलीने लगेच विचारले, "पण खरखर पुण्याच्याच बाजूनं आली असती तर?" प्रश्न अचूक होता. तसे झाले असते, तर चौकट दोघांनाही सारखेच ऐकणार किंवा दोघांनाही बहिरी होणार. अशा वेळी चौकट घराच्या दुसऱ्या टोकाला न्यावी. घरातल्या खरखरीचा उगम जवळ असतो, त्यामुळे चार पावले सरकले तरी तिची दिशाही बदलते आणि जोरही उतरतो. केंद्र ७५ किलोमीटरवर आहे, त्याला चार पावलांनी काय फरक पडणार?

आणखी दोन मर्यादा सांगतो. आकाशातील विजेची कडकड अनेक दिशांनी येते, तिच्यावर चौकटीचा फारसा इलाज चालत नाही. आणि रात्री दूरची केंद्रे वातावरणाच्या वरच्या भागातील आयनांबरावरून परावर्तित होऊन वरून खाली येतात. त्यांच्यासाठी शून्य दिशा नीट सापडत नाही. म्हणून दिशेचे प्रयोग दिवसा, जवळच्या केंद्रावर करावेत. मध्यम लहरींवरील काही प्रक्षेपणे अलीकडच्या वर्षांत बंद झाली आहेत, तेव्हा तुमच्या गावी दिवसा कोणते केंद्र लागते ते आधी पाहून घ्या. गच्चीवर चौकट नेलीत आणि ढग गडगडू लागले, तर लगेच खाली या.

खरखरीतून लागलेला शोध

खरखर म्हणजे केवळ उपद्रव असे मात्र समजू नका. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने कार्ल जान्स्की या तरुण अभियंत्याला दूरध्वनीच्या रेडिओ-संदेशांत खरखर कोठून येते ते शोधायला सांगितले. त्याने न्यू जर्सीतील होल्मडेल येथे २०.५ मेगाहर्ट्झसाठी एक भले मोठे एरियल बांधले आणि ते फोर्ड मोटारीच्या चाकांवर बसवले. ते वीस मिनिटांत एक फेरी पूर्ण करी. जवळच्या वादळांची खरखर त्याने ओळखली, दूरच्या वादळांची ओळखली, पण एक मंद सळसळ काही केल्या उलगडेना. ती रोज सुमारे चार मिनिटे लवकर येई. तारेही रोज चार मिनिटे लवकर उगवतात! १९३३ साली जान्स्कीने जाहीर केले, की ही सळसळ आकाशगंगेतून येते. रेडिओ खगोलशास्त्राचा जन्म असा खरखरीतून झाला.

आणि योगायोग पाहा. आमच्याच जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या खोडद येथे, प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पकतेतून उभी राहिलेली जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, आणि त्यांचा पृष्ठभाग बारीक पोलादी तारांच्या जाळीचा. ही जागा निवडताना माणसाने केलेली रेडिओ-खरखर तिथे कमी आहे, हा एक मोठा मुद्दा होता. काकांच्या उशाशी जो प्रश्न होता, तोच खोडदच्या शास्त्रज्ञांपुढे असतो: हवे ते क्षीण आहे आणि नको ते जवळ आहे.

सुट्टी संपून मी निघालो, तेव्हा काकांनी शहाबादी फरशीवर पाटाच्या कडेने खडूने एक रेघ ओढली होती आणि नातीने तिच्याशेजारी 'पुणे' असे लिहिले होते. थोड्या अंतरावर दुसरी रेघ होती, 'मुंबई'. काकांना अक्षरे दिसत नसत, पण पाट कुठवर फिरवायचा ते हाताला समजले होते.

तुम्हीही आजच एक साधा प्रयोग करा. चौकट बनेल तेव्हा बनेल. घरातला ट्रान्झिस्टर घ्या, दिवसा जवळचे केंद्र लावा आणि रेडिओ जमिनीला समांतर ठेवून सावकाश गोल फिरवा. आवाज ज्या दोन दिशांना मरतो, त्या वहीत लिहून ठेवा. मग नकाशात ते केंद्र कुठे आहे ते पाहा आणि दोन्ही जुळतात का ते स्वतःच ठरवा.